नागपूरचे ५६ अंश: सर्वात तप्त गाव नेमके कसे ठरते?

मे महिना लागला की अनेक मराठी घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्पर्धा सुरू होते. नागपूरची मावशी लिहिते, "आज ४५!" चंद्रपूरचे काका लगेच उत्तर देतात, "आमच्याकडे ४६. पंखासुद्धा गरम हवा फेकून राहिला." जळगावची आत्या मागे राहत नाही. तेवढ्यात बेंगळुरूला नोकरी करणारा भाचा ३५ चा आकडा टाकतो आणि लिहितो, "फार उकडतंय." मग सगळे मिळून त्याची थट्टा करतात.

ही स्पर्धा गमतीची असते. पण ३० मे २०२४ रोजी तिने वेगळेच वळण घेतले. नागपुरात रामदासपेठेतील कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले. शहरातल्या आणखी एका केंद्रावर ५४ अंशांची नोंद झाली. बातमी काही मिनिटांत देशभर पसरली. नवतपा सुरूच होता, त्यामुळे अनेकांना ती खरीही वाटली.

पण ती खरी होती का?

एकाच शहरात बारा अंशांचा फरक

जगातले आजवरचे अधिकृत सर्वोच्च तापमान ५६.७ अंश आहे. ते १० जुलै १९१३ रोजी अमेरिकेतील डेथ व्हॅली या वाळवंटी खोऱ्यात नोंदवले गेले. म्हणजे नागपूर जागतिक विक्रमापासून एक अंशही दूर नव्हते! भारताचा विक्रम राजस्थानातील फलोदीच्या नावावर आहे: १९ मे २०१६ रोजी ५१ अंश. खुद्द नागपूरचा पारा २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेला होता, आणि तोही शहरासाठी विक्रमच होता.

खरी गोम वेगळीच होती. त्याच दिवशी नागपुरातल्या इतर केंद्रांवर तापमान ४४ अंशांच्या आसपास होते. काही किलोमीटरच्या अंतरात हवा बारा अंशांनी बदलत नाही. हवामान विभागाने तपासणी केली आणि सेन्सरमध्ये बिघाड असल्याचे स्पष्ट केले.

आदल्याच दिवशी दिल्लीत असेच घडले होते. मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवले. तपासणीत तिथला सेन्सर प्रमाणित उपकरणापेक्षा तीन अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले.

दोन्ही ठिकाणी चूक उघड झाली ती एका साध्या युक्तीने. शेजारच्या केंद्रांवर काय नोंद झाली, ते पाहिले गेले.

पांढऱ्या पेटीतले ऊन

दोन गावांची तुलना करायची तर दोन्हीकडे एकाच रीतीने मोजले पाहिजे. एकाने थर्मामीटर सावलीत आणि दुसऱ्याने गच्चीवर ठेवला, तर त्या तुलनेला अर्थ उरत नाही. म्हणूनच हवामान केंद्रांमध्ये झडपांची एक पांढरी लाकडी पेटी असते. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. दीपगृहे बांधणारे स्कॉटिश अभियंता थॉमस स्टीव्हन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात ती तयार केली. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे त्यांचेच चिरंजीव!

पेटी पांढरी असते, कारण पांढरा रंग ऊन परतवतो. झडपांमधून वारा खेळता राहतो. आपल्याकडे तिचे दार उत्तरेला ठेवतात, म्हणजे ते उघडल्यावर सूर्यकिरण सहसा थेट आत पडत नाहीत. ती मोकळ्या जागेत, जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर उभी असते. आतला थर्मामीटर हवेचे तापमान मोजतो, उन्हाचे नाही.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या पडद्यावर दिसणारे ४९ अंश तुमच्या गावाचे तापमान नव्हे. तापलेल्या रस्त्याचा आणि इंजिनाचा त्यात वाटा असतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. अधिकृत ४४ अंश म्हणजे सावलीतल्या, वारा लागणाऱ्या जागेचे ४४. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या आजीला, डांबर टाकणाऱ्या मजुराला किंवा भर दुपारी पार्सल पोचवणाऱ्या मुलाला सोसावा लागणारा ताप त्याहून बराच जास्त असतो.

नव्वद वर्षे टिकलेली चूक

शेजाऱ्यांशी ताडून पाहिले नाही तर काय होते, याचे उत्तम उदाहरण लिबियात सापडते. १३ सप्टेंबर १९२२ रोजी तिथल्या अल अझिझिया या गावी ५८ अंशांची नोंद झाली. पुढे कित्येक दशके शाळेच्या पुस्तकांत 'जगातले सर्वात उष्ण ठिकाण' म्हणून हेच नाव छापले जात होते. अखेर तज्ज्ञांनी जुन्या नोंदवह्या उघडल्या. नोंद करणारा माणूस नवखा असावा, थर्मामीटर त्याच्या सवयीचा नसावा आणि वाचताना सुमारे सात अंशांची चूक झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. आसपासच्या केंद्रांशीही तो आकडा जुळत नव्हता. १३ सप्टेंबर २०१२ रोजी, म्हणजे बरोबर नव्वद वर्षांनी, जागतिक हवामान संघटनेने तो विक्रम रद्द केला.

उलट उदाहरण युरोपातले. ११ ऑगस्ट २०२१ रोजी इटलीच्या सिसिली बेटावर ४८.८ अंश तापमान नोंदवले गेले. युरोपचा जुना विक्रम ४८ अंशांचा होता, १९७७ साली ग्रीसमध्ये नोंदवलेला. सिसिलीचा आकडा लगेच स्वीकारला गेला नाही. त्याची छाननी झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये, जवळजवळ अडीच वर्षांनी, त्यावर शिक्कामोर्तब झाले.

महाराष्ट्रातही असे प्रश्न पडले आहेत. २८ मार्च २०१७ रोजी रायगड जिल्ह्यातल्या भिरा गावाची नोंद ४६.५ अंश होती. कोकणात, तेही मार्चमध्ये! टाटांच्या जलविद्युत केंद्रामुळे ओळखले जाणारे हे गाव एका दिवसात देशभर गाजले, आणि हा आकडा बरोबर आहे का, अशी शंकाही लगेच घेतली गेली. असे प्रश्न विचारणे म्हणजे गावाचा अपमान नव्हे. शास्त्र असेच पुढे जाते.

म्हणूनच आपल्या हवामान विभागाचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. मैदानी भागात उष्णतेची लाट केव्हा मानायची? कमाल तापमान किमान ४० असेल आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वाढले असेल तेव्हा, किंवा पारा थेट ४५ गाठेल तेव्हा. पण एवढ्यावर भागत नाही. हवामानाच्या एका उपविभागातील किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस ही स्थिती असावी लागते. एकट्या केंद्राच्या एका दिवसाच्या आकड्यावर लाट जाहीर होत नाही.

नागपूर तापते, बेंगळुरू का नाही?

खरे आकडे हाती आले की तुलनेला रंगत येते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे, तर बेंगळुरू ९०० मीटरवर. उंची एक किलोमीटरने वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे केवळ उंचीमुळेच बेंगळुरूला जवळजवळ चार अंशांची सूट मिळते.

दुसरे कारण सूर्य. तो नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ऐन नवतपात. तेव्हा आकाश बहुधा निरभ्र असते, वायव्येकडून कोरडे वारे येतात आणि समुद्र शेकडो किलोमीटर दूर असतो. बेंगळुरूत सूर्य एप्रिलच्या अखेरीस डोक्यावर येतो आणि त्यानंतर लवकरच वळवाच्या सरी हवा गार करू लागतात. म्हणून तिथे एप्रिल सर्वात तापतो. शहराचा ३९.२ अंशांचा विक्रमही २४ एप्रिल २०१६ चा आहे.

पण मुंबईकर म्हणेल, "आमचे ३५ तुमच्या ४५ ला भारी!" त्यात तथ्य आहे. हवामान केंद्रातल्या पेटीत आणखी एक थर्मामीटर असतो. त्याच्या टोकाला ओले कापड गुंडाळलेले असते. नागपूरच्या कोरड्या हवेत त्या कापडातले पाणी भराभर उडते आणि त्याचा पारा शेजारच्या कोरड्या थर्मामीटरपेक्षा १५ ते २० अंश खाली राहू शकतो. डेझर्ट कूलर, माठ आणि वाळ्याचे पडदे याच तत्त्वावर चालतात. आपले शरीरही घाम उडवून असेच थंड होते. मुंबईच्या दमट हवेत घाम उडतच नाही, नुसता निथळतो. त्यामुळे पारा कमी असूनही जीव कासावीस होतो.

सवयीचाही भाग असतो. लंडनमध्ये सलग तीन दिवस २८ अंश तापमान राहिले तरी उष्णतेची लाट मानली जाते. बेंगळुरूच्या भाच्याला त्यामुळे थोडा धीर येईल!

पुण्यात घडलेले काम, बेंगळुरूशी जुळलेले नाते

पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा चौक आहे. पुण्यात सिमला कुठून आले? १९२८ साली हवामान विभागाचे मुख्यालय सिमल्याहून इथे हलवले गेले आणि लोकांनी त्या इमारतीला तेच नाव दिले. १९४८ साली याच पुण्यात ॲना मणी हवामान विभागात रुजू झाल्या. त्याआधी बेंगळुरूत सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांवर संशोधन केले होते.

त्या काळी साधी हवामान उपकरणेही परदेशातून यायची. मणी यांनी सुमारे शंभर उपकरणांची प्रमाणित रेखाचित्रे तयार करून घेतली आणि ती देशात बनू लागली. देशभरची उपकरणे एकाच मापाची, एकमेकांशी ताडून पाहिलेली असावीत, असा त्यांचा आग्रह होता. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, असे त्या मानत. निवृत्तीनंतर त्या बेंगळुरूला परतल्या आणि तिथे वारा व सौरऊर्जा मोजणारी उपकरणे बनवण्याचा कारखाना त्यांनी उभारला.

एका अंशाने काय बिघडते?

बरेच बिघडते. मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे अभ्यासातून पुढे आले. त्यातून धडा घेऊन २०१३ साली शहराने उष्णता कृती आराखडा आखला. तापमान ठराविक आकड्यावर जाणार असे दिसले की दवाखाने सज्ज करायचे, पाण्याची सोय करायची, कामाच्या वेळा बदलायच्या. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी हा मार्ग धरला. हे सगळे निर्णय थर्मामीटरच्या आकड्यावर अवलंबून असतात.

म्हणून ५६ ची अफवा निरुपद्रवी नसते. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. खोट्या ५६ ने आज घाबरलेला माणूस उद्या खऱ्या ४६ कडे दुर्लक्ष करतो. आणि जीव घ्यायला ४६ पुरेसे असतात.

पुढच्या वेळी मोठा आकडा दिसला तर...

• आकडा कोणत्या केंद्राचा आहे ते पाहा. मोबाईलवरच्या ॲपमधला आकडा अनेकदा संगणकाने काढलेला अंदाज असतो.

• जवळच्या दोन-तीन केंद्रांशी तो ताडून पाहा. फरक फार मोठा असेल तर थांबा, लगेच पुढे पाठवू नका.

• आर्द्रता किती आहे ते पाहा. दमट हवेत कमी तापमानही धोक्याचे ठरते.

• रात्रीचे किमान तापमान विसरू नका. रात्रही तापलेली असेल तर शरीराला विसावा मिळत नाही.

• कुणी उन्हात बरळू लागले, शुद्ध हरपू लागली किंवा अंग भाजल्यासारखे तापले तर तो उष्माघात असू शकतो. त्या व्यक्तीला सावलीत न्या, अंगावर पाणी घाला, वारा घाला आणि १०८ वर फोन करा. शुद्ध नसताना तोंडात पाणी ओतू नका.

सुट्टीत मुलांसोबत एक प्रयोगही करता येईल. भिंतीवर टांगायचा साधा थर्मामीटर आणा. दुपारी दोन वाजता तो झाडाच्या सावलीत, मग स्वयंपाकघरात, मग वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवा. दर वेळी पंधरा-वीस मिनिटे थांबून आकडा लिहा. एकाच घरात किती 'गावे' आहेत ते मुलांना कळेल. आणि आजीची खाट दुपारी कोणत्या खोलीत हलवायची, तेही त्या वहीवरून ठरवता येईल.