वृद्ध तारे, आकाशगंगेचे वाटाडे

आपली सूर्यमाला आकाशगंगेच्या तबकडीतच, केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे अंतरावर आहे. घराबाहेर पाऊल न टाकता घराचा नकाशा काढावा, तशी खगोलशास्त्रज्ञांची स्थिती आहे. त्यातच केंद्राच्या दिशेला असलेले धुळीचे दाट पडदे दृश्य प्रकाश अडवून धरतात. युरोपच्या 'गाया' उपग्रहाने २०२५ पर्यंत निरीक्षणे केली आणि त्यांतून सुमारे १८० कोटी ताऱ्यांच्या नोंदी हाती आल्या. पण या पडद्यांपुढे त्याचीही मात्रा फारशी चालली नाही.

ही उणीव भरून काढण्यास आयुष्याच्या अखेरीस पोहोचलेले तारे मदत करतात. सूर्यासारख्या ताऱ्याच्या गाभ्यातील हायड्रोजन संपला की तो फुगून तांबडा राक्षसी तारा बनतो. सूर्यावर ही वेळ सुमारे पाच अब्ज वर्षांनी येईल. अखेरच्या टप्प्यात असा तारा आकुंचन-प्रसरण पावत आपले बाह्य थर वायू व धुळीच्या रूपाने अवकाशात उधळतो. तिमिंगल तारकासमूहातील 'मीरा' हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

या वायूतील सिलिकॉन मोनॉक्साइड, पाणी आणि हायड्रॉक्सिल यांचे रेणू ताऱ्याच्या प्रारणाने व परस्परांशी होणाऱ्या टकरींनी उत्तेजित होतात. वरच्या ऊर्जापातळीवरील रेणूंची संख्या खालच्या पातळीपेक्षा अधिक झाली, की तेथून जाणारी सूक्ष्मलहर आपल्यासारख्याच लहरी बाहेर पाडत प्रबळ होत जाते. हाच मेसर, लेसरचा थोरला भाऊ. चार्ल्स टाऊन्स व सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये प्रयोगशाळेत पहिला मेसर चालवला. अवकाशातील नैसर्गिक मेसरचा शोध १९६५ मध्ये लागला.

मेसरच्या लहरी धुळीतून विनासायास पार होतात आणि त्यांची वारंवारता ठरलेली असते. सिलिकॉन मोनॉक्साइडच्या बाबतीत ती सुमारे ४३ गिगाहर्ट्झ आहे. तारा दूर जात असेल तर ती किंचित घटते, जवळ येत असेल तर वाढते. सेकंदाला १० किलोमीटर वेगामुळे सुमारे १.४ मेगाहर्ट्झचा फरक पडतो आणि रेडिओ दुर्बिणी तो सहज टिपतात. हायड्रॉक्सिलच्या १६१२ मेगाहर्ट्झ संदेशात दोन शिखरे दिसतात. एक कवचाच्या आपल्याकडील बाजूचे, दुसरे पलीकडचे. दोहोंचा मध्य काढला की ताऱ्याचा स्वतःचा वेग मिळतो.

'बाडे' या सर्वेक्षणात अमेरिकेतील व्हीएलए आणि चिलीमधील अल्मा या दुर्बीणसमूहांनी सुमारे २८ हजार तांबड्या ताऱ्यांचा मागोवा घेतला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात त्यांचे दोन गट स्पष्ट झाले. एक तबकडीत शिस्तीने फिरणारा, तर दुसरा केंद्राभोवतीच्या फुगवट्यातील, वेगांत मोठी तफावत असलेला. वायूचे ढग एकमेकांवर आदळून वाट बदलतात. तारे मात्र जवळपास केवळ गुरुत्वाकर्षणाचीच आज्ञा पाळतात. म्हणून त्यांच्या वेगांवरून केंद्रातील दांड्यासारख्या रचनेचा व तेथील वस्तुमानाचा अंदाज बांधता येतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. वारंवारतेतील फरकातून केवळ आपल्या दृष्टिरेषेतील वेग कळतो. अंतर व आडवी गती जाणण्यासाठी परस्परांपासून शेकडो-हजारो किलोमीटर दूरच्या दुर्बिणी एकत्र जोडाव्या लागतात. जपानचा 'व्हेरा' प्रकल्प हे काम करतो.

या मोजमापांचे मोल मोठे आहे. सूर्य सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने केंद्राभोवती फिरतो. एका फेरीस २० कोटींहून अधिक वर्षे लागतात. आकाशगंगेच्या बाहेरच्या भागातही हा वेग अपेक्षेइतका घटत नाही. दिसणाऱ्या द्रव्याच्या बळावर ताऱ्यांना एवढ्या वेगात बांधून ठेवणे शक्य नाही. म्हणूनच कृष्णद्रव्याची कल्पना मांडली गेली. त्याचा हिशेब मांडायचा तर आधी केंद्राकडे ताऱ्यांच्या रूपात किती वस्तुमान आहे, हे ठाऊक हवे. तो आकडा गाठण्यासाठी शास्त्रज्ञांची भिस्त आता या विझू लागलेल्या ताऱ्यांवर आहे.