लादी सुटण्यापूर्वी

डोंगरउतारावर साचणारे बर्फ वरून एकसंध दिसले तरी ते थराथरांचे असते, आणि त्यांतला एखादा थर साखरेसारखा रवाळ, सुटा राहिला तर त्यावरची वाऱ्याने घट्ट झालेली लादी थोड्याशा भारानेही तडकून घसरू लागते. जीवघेणी हिमस्खलने बहुतांशी अशीच असतात. ती प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि स्की करणाऱ्यांना मोह पडतो तोही याच उतारांचा. शिवाय हौसेने बर्फात गेलेल्यांच्या प्राणघातक अपघातांत दहापैकी सुमारे नऊ वेळा ती लादी बळी पडलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच भाराने सुटलेली असते. दुसऱ्या शब्दांत, हा अपघात बराचसा टाळता येण्याजोगा आहे, आणि हिमस्खलन-प्रशिक्षणाचे खरे प्रयोजनही हेच आहे.

काश्मीरमधील गुलमर्ग येथे गोंडोला म्हणजे दोरवाहिनी अफरवत पर्वताच्या उंच खांद्यापर्यंत नेते, परंतु देखरेखीखालील पट्टा सोडला की पुढील उताराची जबाबदारी ज्याची त्याच्यावर येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतवर दोन पोलिश आणि पुढच्याच फेब्रुवारीत खिलनमर्गजवळ एक रशियन स्कीपटू हिमस्खलनात मरण पावले.

प्रशिक्षणार्थी प्रथम बर्फात खड्डा खणून थर वाचण्यास शिकतात. खड्ड्याच्या भिंतीतून ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा खांब कापून मोकळा केला जातो, त्याच्या माथ्यावर फावड्याचे पाते ठेवून आधी मनगटातून, मग कोपरातून आणि शेवटी खांद्यातून प्रत्येकी दहा थापा मारल्या जातात, आणि कितव्या थापेला कोणता थर कसा तुटला याची नोंद केली जाते. पहिल्या काही थापांतच खांब आडवा, स्वच्छ तुटला, तर ते माघारी फिरण्यास पुरेसे कारण आहे. खांब न तुटणे हा मात्र सुरक्षिततेचा दाखला नव्हे, कारण शंभर पावलांवर थरांची रचना निराळी असू शकते.

याहून अवघड धडा मनाचा आहे. इयन मॅकॅमन या अमेरिकी संशोधकाने जुन्या अपघातांच्या अभ्यासातून दाखवले की ओळखीच्या उतारावर प्रशिक्षित माणसेही बेसावध होतात. म्हणूनच गटातील सर्वांत नवख्यालाही ‘नको’ म्हणण्याचा अधिकार असावा, हा आग्रह योग्यच आहे.

तरीही कोणी गाडले गेलेच, तर पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के वाचतात आणि त्यानंतर हे प्रमाण झपाट्याने घसरते. बाहेरची मदत इतक्या लवकर पोहोचणे जवळजवळ अशक्य असल्याने सुटका सोबत्यांनाच करावी लागते. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारा व घेणारा ट्रान्सीव्हर, आणि पाठीवर प्रोब म्हणजे जोडून लांब करता येणारी शोधकाठी व फावडे असते. ट्रान्सीव्हर जागा दाखवतो, उताराला काटकोनात खुपसलेला प्रोब शरीराला लागतो, आणि तो तसाच रोवून ठेवून खणणे सुरू होते, तेही थेट डोक्यावरून नव्हे तर उताराच्या खालच्या बाजूने, कारण थांबताक्षणी दगडासारखे घट्ट होणारे ते बर्फ मागे ढकलण्यास जागा लागते. खणणाऱ्यांतला पुढचा दमला की मागचा पुढे येऊन फावडे चालवतो, आणि चेहरा लागताच सर्वप्रथम तोंडातले बर्फ काढून श्वासाची वाट मोकळी केली जाते.