गाडीचा करारनामा : सहीपूर्वी आणि सहीनंतर

सुरत हे शहर ‘पत’ या एका शब्दावर मोठे झाले. सतराव्या शतकात येथील सावकार वीरजी व्होरा यांच्याकडून इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा कर्ज उचलीत असे, आणि सुरतेच्या पेढीवर लिहिलेली हुंडी दूरदूरच्या शहरांत वटत असे. कागदाचा एक तुकडा, त्यावर चार ओळी आणि खाली सही. परंतु त्या सहीमागे साऱ्या पेढीची अब्रू उभी असे.

त्याच तापीकाठच्या शहरात आज आपले कितीतरी बांधव पोटापाण्यासाठी राहत आहेत. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. कोणी यंत्रमागावर राबतो, कोणी कापडाचे तागे वाहणारा टेंपो चालवितो, कोणी मोटार घेऊन प्रवासी वाहतो. तेही सही करतात. पण त्यांच्या पुढ्यातला कागद चार ओळींचा नसतो, बारीक इंग्रजी टाइपात छापलेली ती पानेच्या पाने असतात आणि शोरूममधला तरुण नम्रपणे म्हणतो, “काका, इथे, इथे आणि इथे सही करा.”

वाचकहो, ‘करार’ हा शब्द आपणां ख्रिस्ती माणसांस परका नाही. आपल्या पवित्र शास्त्राच्या दोन भागांना आपण जुना करार व नवा करार म्हणतो. आपण काय देत आहोत व काय घेत आहोत, हे जाणून दोघांनी एकमेकांस दिलेले वचन, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. ज्यातले वचन आपल्यास ठाऊकच नाही, त्या कागदावर सही करणे म्हणजे करार करणे नव्हे. ते डोळे झाकून विहिरीत उडी घेणे होय.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. नंदुरबारकडील एका गावचा तरुण सुरतेत मोटार चालवून घर चालवीत होता. शोरूमच्या दलालाने त्यास सांगितले, “थोडी अनामत भरा, दर महिन्याला ठरलेली रक्कम द्या, तीन वर्षांनी गाडी तुमची.” पत्नीने आपले दागिने मोडले आणि अनामत भरली. तीन वर्षे त्याने एकही महिना चुकविला नाही. मुदत संपत आली तेव्हा पत्र आले : गाडी परत आणून द्यावी; मर्यादेपेक्षा अधिक किलोमीटर चालविल्याबद्दल व पत्र्यावरील पोच्यांबद्दल रक्कम अनामतीतून कापली जाईल; गाडी हवी असल्यास तिची वेगळी किंमत भरावी.

त्या तरुणाच्या पायांखालची जमीन सरकली. तो ज्यास हप्ता समजत होता ते भाडे होते. त्याने सही केली होती ती खरेदीच्या कागदावर नव्हे, तर भाडेपट्ट्याच्या करारावर.

येथे तीन शब्दांतील भेद प्रत्येक घराने ध्यानी ठेवावा. कर्ज काढून गाडी घेतली तर ती आपल्या मालकीची असते. फेड होईपर्यंत सावकाराचा तिच्यावर बोजा असतो. भाडेखरेदीत हप्ते भरेपर्यंत गाडी पैसा पुरविणाऱ्या कंपनीच्या मालकीची असते व शेवटचा हप्ता फिटल्यावर ती आपली होते. भाडेपट्ट्यात मात्र आपण केवळ वापराचे भाडे देतो. मुदत संपली की गाडी परत, आणि ती आपणांस मिळणार असेल तर तसे करारात स्पष्ट लिहिलेले असावे लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५१ व्या कलमाप्रमाणे यांपैकी काय आहे याची नोंद आर. सी. बुकात होते. म्हणून आर. सी. बुक हाती येताच ही नोंद कोणाकडून तरी वाचून घ्यावी. कर्ज फिटल्यावर कंपनीचा दाखला व ३५ क्रमांकाचा अर्ज आर. टी. ओ. कचेरीत देऊन बोजा उतरविण्यासही विसरू नये. भाडेखरेदीसाठी १९७२ साली स्वतंत्र कायदा संमत झाला होता. पण तो कधीच अंमलात आला नाही आणि २००५ साली रद्दही झाला. त्यामुळे करारनाम्यात काय लिहिले आहे, यालाच सारे महत्त्व येते.

दुसरी ध्यानात ठेवण्याची गोष्ट हिशेबाची. “व्याज फक्त ९ टक्के” असे ऐकून माणूस भुलतो. ५ लाख रुपये ५ वर्षांसाठी सरसकट ९ टक्क्यांनी घेतले तर व्याज २ लाख २५ हजार होते, आणि ७ लाख २५ हजारांचे ६० हप्ते पाडले की दरमहा सुमारे १२,०८३ रुपये येतात. परंतु मुद्दल दर महिन्यास फिटत असता व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण ५ लाखांवर आकारले जाते. घटत्या मुदलावर हिशेब केला तर खरा दर साडेपंधरा टक्क्यांहून अधिक भरतो. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूने संत लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. त्या बसण्यासाठी शोरूममधली खुर्ची योग्य नव्हे. आपल्या घरचा ओटा योग्य. कागद घरी न्यावा, जाणत्याकडून वाचून घ्यावा आणि मगच सही करावी. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व फायनान्स कंपन्यांनी अशा कर्जांच्या बाबतीत मुख्य अटींचे व एकूण वार्षिक खर्चाचे पत्रक कर्जदारास समजेल अशा भाषेत द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. ते मागून घेण्यात संकोच कसला? विमाही शोरूममधूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. कोरा धनादेश मात्र कोणासही सही करून देऊ नये.

आता त्या तरुणाकडे वळू. संतापाच्या भरात त्याने दोन बेत केले होते : उरलेले भाडे थांबवावयाचे, आणि गाडी गावी नेऊन लपवून ठेवावयाची. आम्ही त्यास दोन्हींपासून परावृत्त केले. विक्रेत्याशी तंटा असला तरी पैसा पुरविणाऱ्याशी केलेला करार बहुधा वेगळा असतो. एकावरील राग दुसऱ्यावर काढला की न्याय्य बाजूही लंगडी पडते. मॅग्मा फिनकॉर्प या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हेच दाखविले. भाडेखरेदीने जीप घेणाऱ्या ग्राहकाने ३५ पैकी केवळ ७ हप्ते भरले होते व कंपनीने जीप ताब्यात घेऊन विकली. हप्ते थकले असता करारानुसार मालकीच्या गाडीचा ताबा घेणे हा गुन्हा नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. योग्य नोटीस न दिल्याबद्दल ग्राहकास भरपाई मिळाली ती १५,००० रुपये. जीप गेली ती गेलीच.

मग मार्ग कोणता? संत मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने भांडणाची पायरी घालून दिली आहे : आधी अपराध करणाऱ्याकडे एकट्याने जावे, न ऐकल्यास दोघे साक्षीदार न्यावेत, तरीही न ऐकल्यास मंडळीपुढे मांडावे. हा क्रम व्यवहारातही तंतोतंत लागू पडतो, असा आमचा अनुभव आहे.

पहिली पायरी प्रत्यक्ष भेटीची. तो तरुण शोरूममध्ये गेला, आवाज न चढविता व्यवस्थापकास भेटला. नुसते आश्वासन मिळाले.

दुसरी पायरी साक्षीदारांची. आणि कागदाइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. आम्ही त्याच्या घरची पत्र्याची पेटी उघडावयास लावली. भाड्याच्या सर्व पावत्या होत्या. त्यांच्याखाली शोरूमचे पहिले दरपत्रक सापडले. त्यावर दलालाने स्वतःच्या हाताने लिहिले होते की ३६ महिन्यांनंतर गाडी ग्राहकाची. खाली शोरूमचा शिक्का. मुलाने खेळण्यास घेऊन फाडला असता तर संपलेच होते! त्या कागदाच्या नकलेसह एक पत्र पोहोचपावतीच्या टपालाने शोरूमला व भाडे घेणाऱ्या कंपनीला, दोघांनाही पाठविले. त्यात शिव्या नव्हत्या की धमक्या नव्हत्या. तारखा, रकमा, दिलेले वचन आणि आमची मागणी एवढेच होते. ‘१५ दिवसांत निकाल न लागल्यास ग्राहक आयोगाकडे जाऊ’ हे शेवटचे वाक्य.

दोघांनाही पत्र का, असे कोणी विचारील. गोव्यातील एका ग्राहकाचे प्रकरण पाहा. २०११ साली त्याने नव्या मोटारीचे पैसे भरले. पण विक्रेत्याने जी दिली ती २००९ सालची व ६२२ किलोमीटर चाललेली निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२१ साली न्यायालयाने टाटा मोटर्स या उत्पादक कंपनीस जबाबदारीतून मोकळे केले. कारण या व्यवहारात तिचा हात असल्याचा निश्चित आरोप व पुरावा नव्हता. विक्रेत्याची जबाबदारी मात्र राहिली. कोणी काय केले हे नेमके लिहिणे किती अगत्याचे आहे, हे यावरून दिसते.

तिसरी पायरी मंडळीपुढे, म्हणजे न्यायासनापुढे जाण्याची. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण ग्राहक आयोगाची पायरी तितकी उंच नाही. १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० साली अंमलात आला. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगात करता येते. तीही आपण राहतो वा काम करतो त्या जिल्ह्यात. गावी परतलेल्यास सुरतेस खेपा घालण्याचे कारण नाही. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. वकील केलाच पाहिजे असे नाही. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी गाडी घेणारा हाही ‘ग्राहक’च, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केले आहे. तंटा लवादाकडेच न्यावा असे कलम करारात असले, तरी आयोगाचे दार बंद होत नाही, हेही २०१८ साली ठरले आहे. तक्रारीपूर्वी सल्ला हवा असल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा दूरध्वनी आहे. फायनान्स कंपनीविरुद्ध गाऱ्हाणे असून तिने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते.

समेटाची वाटही कायद्याने खुली ठेविली आहे. लोकअदालतीत शुल्क लागत नाही आणि दोघांच्या संमतीने झालेला निवाडा अखेरचा असतो. या बाबतीत गुजरातची भूमी अग्रेसर म्हटली पाहिजे. हरिवल्लभ परीख यांनी रंगपूरच्या आश्रमात १९४९ पासून आदिवासी बांधवांचे तंटे झाडाखाली बसून मिटविले, आणि १९८२ साली तेव्हाच्या जुनागढ जिल्ह्यातील उना येथे पहिली लोकअदालत भरली.

आमच्या तरुणास आयोगापर्यंत जावे लागले नाही. पत्र पोहोचल्यावर दहाव्या दिवशी बोलावणे आले. शिक्क्याचा कागद पाहून व्यवस्थापकाचा सूर बदलला. पोच्यांची व जादा किलोमीटरची आकारणी रद्द झाली, अनामत गाडीच्या किमतीत वळती झाली, आणि उरलेली थोडी रक्कम सहा महिन्यांत भरावयाचे ठरले. त्याला सारे मिळाले का? नाही. तोंडी वचनाप्रमाणे गाडी फुकट मिळावयास हवी होती, असे त्याचे आजही म्हणणे आहे. पण सही त्याचीच होती, आणि ती सहीही खोटी म्हणता येत नव्हती. वाटेतच प्रतिवादीशी समेट कर, हा प्रभूचा उपदेश दुबळ्याचा नव्हे, शहाण्याचा आहे. समेट झाला तोही लिहून, दोघांच्या सह्यांनी.

धनको लोकांसही दोन शब्द. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मोशेचे नियमशास्त्र सांगते की कोणाचे जाते गहाण घेऊ नये, कारण ते त्याचे जीवनच गहाण घेणे होय. आणि गहाण आणावयास ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. सुरतेच्या चालकाची गाडी हे त्याचे जातेच आहे. हप्ता थकला म्हणून भर रस्त्यात गुंडांकरवी गाडी ओढून नेणे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली निषिद्ध मानले. वसुलीच्या माणसांनी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर कर्जदारास फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेनेही बजाविले आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या आपल्या परिपत्रात मजुरीसंबंधी शिकविले की दोघांनी राजीखुशीने केलेल्या कराराहूनही नैसर्गिक न्याय श्रेष्ठ आहे. गरजेने गांजलेल्या माणसाची संमती ही पुरी संमती नसते.

मात्र आपणही घेतलेले ऋण फेडावे. वसईत १९१८ साली मोन्सेनियर मोनीस यांनी कॅथॉलिक पतपेढी उभारली. तिची पुढे मोठी बँक झाली ती सामान्य माणसांनी परतफेड केली म्हणून. पत ही दोन्ही हातांनी राखावयाची वस्तू आहे.

तेव्हा ज्या घरातील मुलगा शहरात गाडी घेण्याच्या विचारात असेल, त्या घराने एवढे करावे : सहीपूर्वी कागद घरी आणवून वाचावा, तोंडी वचन असेल ते त्या कागदावर लिहवून घ्यावे, प्रत्येक पावती, प्रत्येक दरपत्रक पेटीत जपून ठेवावे. वाचता येत नसेल तर धर्मग्रामात वाचणारे पुष्कळ आहेत; मिस्सानंतर थांबून विचारण्यात कमीपणा नाही. आणि तंटा उद्भवलाच, तर हप्ता चालू ठेवून, डोके शांत ठेवून, पायरीपायरीने वर चढावे.