झुंबा नृत्यवर्ग आणि बलार्धाचा निकष

साल्सा, मेरेंगे, कुम्बिया आदी लॅटिन अमेरिकी नृत्यांवर आधारित सामूहिक व्यायाम म्हणजे झुंबा. कोलंबियातील कॅली येथील नृत्यशिक्षक बेतो पेरेझ यांनी १९९० च्या दशकात तो सुरू केला. स्थौल्य वा मधुमेहाच्या रुग्णाने कुहीसारख्या तालुक्याच्या गावी ‘असा वर्ग लावू का?’ असे विचारल्यास वैद्याने काय सांगावे?

आयुर्वेददृष्ट्या हा व्यायामच होय. अष्टांगहृदयानुसार बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीनेही शीतकाळी व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा; इतर ऋतूंत त्याहून अल्प. व्यायाम करताना श्वास तोंडावाटे येऊ लागणे हे सुश्रुतांनी बलार्धाचे लक्षण मानले आहे.

अडचण येथेच आहे. वर्गात संगीत सर्वांना एकच, बल मात्र प्रत्येकाचे भिन्न. तालाच्या ओघात रुग्ण आपली मर्यादा सहज ओलांडतो. अतिव्यायामाने तृष्णा, क्लम, कास, ज्वर व छर्दी संभवतात. म्हणून शिक्षकाने आरंभी व शेवटी संथ गती ठेवावी, उडीऐवजी साधे पाऊल टाकण्याची मुभा द्यावी आणि बोलताना धाप लागणाऱ्यास थांबवावे.

नागपूर परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या काळात वर्ग पहाटे व अल्पकाळ असावा. अजीर्णात व भोजनोत्तर नृत्य वर्ज्य. हृद्रोग वा उच्च रक्तदाब असल्यास आधी तपासणी अनिवार्य. इन्सुलिन घेणाऱ्याने साखर जवळ बाळगावी.

औषधालयचालकांनीही वजन घटविणारे चूर्ण मागणाऱ्यास, तो असा वर्ग करतो काय, हे अवश्य विचारावे व वैद्याकडे पाठवावे.