सुराची खूण कानात

लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या बँडमधले ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट बहुतेकांना ओळखू येतात. मोठ्या बँडमध्ये मात्र कधीकधी आणखी एक वाद्य असते, ज्याच्या अगदी समोर उभे राहायला कुणी धजत नाही. वादकाच्या उजव्या हातातली पितळी नळी क्षणात हातभर पुढे झेपावते आणि क्षणात मागे येते. हा ट्रॉम्बोन. बघणाऱ्यांना त्याची गंमत वाटते. वाजवणाऱ्याला मात्र ठाऊक असते की, त्या नळीवर सूर दाखवणारी एकही खूण नाही.

पेटीची पट्टी दाबली की तिचा सूर ठरलेला असतो. सतारीला पडदे असतात. ट्रॉम्बोनची जातकुळी सारंगीची आहे. सूर नेमका कुठे आहे, हे वाद्य सांगत नाही. तो वादकानेच शोधायचा असतो. त्यामुळे हे वाद्य शिकताना मेंदूला ओठ, श्वास, हात आणि कान यांची नव्याने सांगड घालावी लागते. ही सांगड चाळिशी-पन्नाशीतही घालता येते. मात्र वाटेत एक टप्पा असा येतो की, अनेक हौशी शिकाऊ तिथेच वाद्य पेटीत बंद करून माळ्यावर टाकतात. तो टप्पा ओळखता आला, तर पुढचा प्रवास सोपा होतो.

नऊ फुटांची नळी, सात जागा

नेहमीच्या टेनर ट्रॉम्बोनची नळी सरळ केली, तर ती सुमारे २.७ मीटर, म्हणजे जवळपास नऊ फूट भरते. एका टोकाला छोट्या वाटीसारखा माउथपीस, दुसऱ्या टोकाला भोंगा आणि मध्ये एकीवर एक सरकणाऱ्या नळ्या. या सरकत्या भागाला स्लाइड म्हणतात. स्लाइड पुढे नेली की आतल्या हवेचा स्तंभ लांबतो आणि सूर उतरतो.

स्लाइडच्या सात जागा मानल्या जातात. हे सात म्हणजे सा ते नी नव्हेत. प्रत्येक पुढच्या जागेवर सूर अर्ध्या स्वराने, म्हणजे पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या धरून एका पट्टीने उतरतो. इथेच गणित आडवे येते. अर्धा स्वर उतरायला नळीची लांबी दरवेळी जवळपास सहा टक्क्यांनी वाढावी लागते. नळी आधीच लांबलेली असेल, तर तिचे सहा टक्केही जास्त भरतात. त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या जागेत सुमारे ८ सेंटिमीटरचे अंतर असते, तर सहाव्या आणि सातव्या जागेत ते ११ सेंटिमीटरच्या आसपास जाते. सातवी जागा पहिलीपासून अर्ध्या मीटरहून अधिक दूर असते. लहान मुलांचा हात तिथवर पोहोचत नाही, तो याचमुळे.

त्यात भर म्हणजे, स्लाइड न हलवताही ओठांचा ताण बदलून एकाच जागेवर अनेक सूर काढता येतात. निसर्गनियमाने निघणाऱ्या या सुरांपैकी काही किंचित उतरे लागतात. ते सावरायला वादक स्लाइड थोडी आत घेतो. म्हणजे ‘तिसरी जागा’ हे नळीवरचे पक्के ठिकाण नसून एक अंदाज आहे. तो अंदाज बरोबर ठरला की नाही, याचा निकाल फक्त कान देतो.

जोर नको, प्रवाह हवा

फुंकर मारली की ट्रॉम्बोन वाजतो, हा गैरसमज पहिल्याच दिवशी दूर होतो. नुसती फुंकर मारली, तर हवेचा फस्स असा आवाज येतो. खरे तर वाजतात ते ओठ. मिटलेल्या ओठांमधून हवा सुटताना ते थरथरतात आणि ती थरथर नळीतल्या हवेला जागवते. मधल्या पट्ट्यातला एक नेहमीचा सूर लावताना ओठ सेकंदाला सुमारे २३३ वेळा थरथरतात.

वरचा सूर लागेना की नवशिका माउथपीस ओठांवर दाबतो, खांदे उचलतो आणि गळा आवळतो. सूर क्षणभर लागतो, पण दाबलेल्या ओठांचा रक्तपुरवठा कमी होतो आणि ते पाच-दहा मिनिटांत थकतात. ट्रम्पेटच्या तुलनेत ट्रॉम्बोनला हवेचा दाब कमी आणि प्रवाह जास्त लागतो. म्हणून शिक्षक पहिल्या महिन्यांत वरच्या सुरांच्या मागे लागू देत नाहीत. मधल्या पट्ट्यातले लांब, सावकाश सूर धरायला लावतात.

फुंकून वाजवायच्या वाद्यांमुळे फुप्फुसे मोठी होतात, असेही सर्रास सांगितले जाते. संशोधनात याला एकमुखी दुजोरा मिळालेला नाही. सुधारते ते प्रामुख्याने श्वासावरचे नियंत्रण. याचे बोलके उदाहरण म्हणजे आर्नोल्ड जेकब्स. शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रात १९४४ ते १९८८ अशी चव्वेचाळीस वर्षे ट्यूबा वाजवणारे जेकब्स पितळी वाद्यांच्या जगात श्वासाचे सर्वांत नावाजलेले गुरू मानले जातात. ट्रॉम्बोनवादकही त्यांच्याकडे शिकायला येत. या गुरूंना स्वतःला दम्याचा त्रास होता आणि त्यांची फुप्फुसांची क्षमता घटलेली होती. ते शिष्यांना स्नायूंचा विचार करू नका, मनात सूर गा आणि हवा वाहू द्या, असे शिकवत.

आधी गळा, मग हात

मनात सूर गाण्याचा हा सल्ला इतरत्रही सापडतो. अमेरिकेतल्या ईस्टमन संगीत विद्यालयात १९२२ ते १९७१ या काळात ट्रॉम्बोन शिकवणाऱ्या एमरी रेमिंग्टन यांचा भर वाद्यातून गाण्यासारखा सूर काढण्यावर होता. त्यांचे सुरुवातीचे लांब सुरांचे पाठ आजही जगभर वाजवले जातात. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना हातात वाद्य देण्याआधी स्वरलिपी वाचून गायला शिकवण्याची जुनी परंपरा होती. त्या शिक्षणातून तयार झालेले अनेक गोमंतकीय वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले ट्रॉम्बोनवादक ब्लास्को मोन्सोराते हे त्यांच्यापैकीच एक.

यामागचे कारण मेंदूत आहे. सूर लावताना मेंदू आधी अपेक्षित सुराचे चित्र तयार करतो, मग ओठांना आणि हाताला आज्ञा देतो आणि ऐकू आलेला सूर त्या चित्राशी ताडून पाहतो. दोन्हींत फरक पडला की पुढच्या वेळची आज्ञा बदलते. हालचालीतली ही चूक हेरून दुरुस्त करण्याच्या कामात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. पण मुळात चित्रच धूसर असेल, तर ताडून पाहणार कशाशी? म्हणून जो सूर गळ्यातून किंवा मनातून येत नाही, तो स्लाइडवरही नेमका सापडत नाही.

सरावाने कान किती बदलतो, याचा एक पुरावा २००१ साली पुढे आला. जर्मनीतल्या ख्रिस्टो पान्टेव्ह आणि सहकाऱ्यांनी व्हायोलिनवादक आणि ट्रम्पेटवादकांच्या मेंदूचे मापन केले. दोन्ही गटांना दोन्ही वाद्यांचे सूर ऐकवल्यावर प्रत्येकाच्या मेंदूचा प्रतिसाद स्वतःच्या वाद्याच्या आवाजाला अधिक जोरकस होता. वर्षानुवर्षे ज्या नादात राहावे, त्या नादासाठी ऐकण्याची यंत्रणाच घडत जाते.

‘बिघडत चाललोय’ असे वाटते तेव्हा

वाद्य सुटते तो टप्पा इथेच येतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ओळखीची धून वाजू लागते, घरचे कौतुक करतात. पुढे काही महिन्यांनी शिकाऊला आपलेच वाजवणे बेसूर वाटू लागते. कालपर्यंत बरा वाटणारा सूर आज उतरलेला ऐकू येतो. वयाने मोठ्या शिकाऊंना हे अधिक जाचते. कामात पारंगत असलेल्या माणसाला घरात, मुलांदेखत, चुकत बसण्याची सवय राहिलेली नसते. ‘आता वय झाले’ असा निष्कर्ष निघतो आणि वाद्य बंद होते.

पुष्कळदा घडलेले असते ते याच्या उलट. हात पूर्वीइतकाच किंवा थोडा अधिक तयार झालेला असतो, पण कान त्याच्या पुढे निघून गेलेला असतो. पूर्वी न कळणारी चूक आता कळते. याची खात्री करायची सोपी रीत म्हणजे दर महिन्याला तीच धून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवणे. तीन महिन्यांपूर्वीचे मुद्रण ऐकले, की नेमके काय बदलले ते कळते.

तास मोजावेत का?

अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि तासांच्या हिशेबाची चर्चा जगभर पसरली. त्यांचा मूळ मुद्दा नुसत्या तासांचा नव्हता. जिथे अडते तिथेच लक्ष देऊन केलेला रियाज त्यांना अभिप्रेत होता. पुढे २०१४ साली ब्रूक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. संगीतातल्या कौशल्यात माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकापैकी सुमारे २१ टक्के भाग अशा सरावाने उलगडतो, असे त्यांना आढळले. सराव महत्त्वाचा आहेच, पण दोघांनी सारखाच घाम गाळला तर दोघे सारखेच तयार होतील, असे नाही. म्हणून शेजारच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

रियाजाची रीतही महत्त्वाची. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ साली हाताच्या हालचाली शिकवण्याचा एक प्रयोग केला. एकच हालचाल सलग घोकणारे सरावादरम्यान पुढे होते. हालचाली आलटूनपालटून करणारे तेव्हा अडखळत होते, पण नंतर घेतलेल्या चाचणीत तेच सरस ठरले. ट्रॉम्बोनच्या शिकाऊला यातून घेण्यासारखे आहे. पाऊण तास एकच ओळ घोकण्यापेक्षा लांब सूर, स्लाइडची हालचाल आणि धून यांची पंधरा-पंधरा मिनिटे आलटूनपालटून करावीत. मध्ये वाद्य खाली ठेवून ओठांना विश्रांती द्यावी. सहज वाजवणे अवघड गेले तरी शिकणे पक्के होते. पुरेशी झोपही हवी, कारण दिवसभरात शिकलेल्या हालचाली झोपेत मेंदूत पक्क्या होतात.

कान, ओठ आणि नळीची निगा

२०१० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका ट्रॉम्बोनवादकाची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. त्याला सुमारे पंधरा वर्षे खोकला होता आणि काही दिवस वाजवणे थांबले की तो कमी व्हायचा. तपासणीत त्याच्या वाद्यातच जंतू आणि बुरशी वाढलेली आढळली. ती श्वासावाटे आत जाऊन फुप्फुसांना ॲलर्जीजन्य दाह होत होता. वाद्य नियमित स्वच्छ करायला लागल्यावर त्याचा त्रास गेला. असे क्वचितच घडते, पण धडा सोपा आहे. वाजवून झाल्यावर नळीत साचलेले पाणी काढावे, माउथपीस धुवावा आणि शिक्षकांना विचारून ठरावीक काळाने नळी आतून साफ करावी. दुसऱ्याचा माउथपीस तसाच ओठांना लावू नये.

दुसरी काळजी कानांची. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त कानावर पडू नये आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी धरावी, हा रूढ निकष आहे. बंद खोलीत पितळी वाद्य ही मर्यादा सहज ओलांडते. वाजवल्यानंतर कानात गुणगुण राहत असेल, तर तो इशारा समजावा. वादकांसाठी खास कानबोळे मिळतात.

जोर लावून फुंकताना डोळ्यांतला दाब तात्पुरता वाढू शकतो. त्यामुळे काचबिंदू असलेल्यांनी आधी नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. हर्नियाचा त्रास असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारावे.

क्वचित होणारा, पण गंभीर विकार म्हणजे डिस्टोनिया. यात एरवी व्यवस्थित हलणारे ओठ वाजवतानाच मनाविरुद्ध आवळतात किंवा थरथरतात. व्यावसायिक वादकांपैकी सुमारे एक टक्का लोकांना या प्रकारचा डिस्टोनिया होतो, असा अंदाज आहे. अमेरिकेतले हॉर्नवादक आणि शरीराच्या हालचालींचे अभ्यासक पीटर इल्टिस यांना स्वतःला हा विकार झाला. त्यांनी जर्मनीतल्या संशोधकांबरोबर वादकांच्या तोंडाचे हलते एमआरआय चित्रण केले. निष्णात वादकाची जीभ सुरागणिक किती नेमका आकार घेते, हे त्यातून प्रथमच इतके स्पष्ट दिसले. वेदना किंवा ओठांवरचा सुटलेला ताबा यावर जास्त रियाज हा उपाय नसतो. तिथे थांबून तज्ज्ञांकडे जावे.

वाट पाहणारे वादक

स्वीडनचे ख्रिश्चन लिंडबर्ग यांनी ट्रॉम्बोन हाती घेतला तो सतराव्या वर्षी, आणि पुढे ते या वाद्याचे जगप्रसिद्ध एकल वादक झाले. त्याआधी ते ट्रम्पेट शिकलेले होते. हातात ट्रॉम्बोन नवा असला, तरी कान आणि ओठ कोरे नव्हते. पन्नाशीत सुरुवात करणाऱ्याला व्यासपीठ गाजवायचे नसते. पण आयुष्यभर गाणे ऐकलेला कान त्याच्याकडेही असतो, आणि ती पुंजी लहान नाही.

बीथोव्हनच्या १८०८ साली सादर झालेल्या पाचव्या सिम्फनीत ट्रॉम्बोन फक्त शेवटच्या, चौथ्या भागात आहेत. पहिले तीन भाग तिन्ही वादक वाद्य मांडीवर ठेवून बसलेले असतात. ओठ गार झालेले असतात, सूर तपासायला सवड नसते, आणि चौथ्या भागाच्या पहिल्याच सुराला त्यांना पूर्ण जोमाने उठायचे असते. स्लाइडवर तेव्हाही खूण नसते. पण वीस-पंचवीस मिनिटे ते वाद्यवृंद ऐकत आलेले असतात आणि तो सूर वाजण्याआधीच त्यांच्या कानात लागलेला असतो.