आधी कोण जाणार?

महू मागे टाकून आग्रा-मुंबई रस्त्याने मानपूरला पोचलं की पुढे विंध्याचा उतार सुरू होतो आणि गाडी माळव्यातून निमाडात उतरू लागते. इंदूर-महूकडची मराठी मुलं गाडी शिकली की घरातलं कुणीतरी त्यांना एकदा या उतारावर आणतंच. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, नुसत्या ब्रेकच्या भरवशावर गाडी सोडायची नाही, हे इथे पहिल्यांदा सांगतात. याच उतारावरच्या गणपती घाटात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी काय अनर्थ केले, ते या भागात सगळ्यांना ठाऊक आहे.

असा घाटात तयार झालेला हातसुद्धा नोकरीनिमित्त अमेरिकेत, जर्मनीत किंवा दुबईत गेला की अडखळतो. घरच्यांना वाटतं, अडचण एवढीच की तिकडे उजव्या बाजूने चालवतात. ती आहेच, पण ती अंगवळणी पडते. स्टिअरिंग डावीकडे असतं, आपण मात्र सवयीने लेनच्या उजव्या भागात बसू पाहतो, त्यामुळे गाडी उजवीकडच्या कडेला घासायला जाते. अशा वेळी एकच खूण धरावी : चालकाची बाजू नेहमी रस्त्याच्या मध्याकडे. वळताना उजवं वळण आखूड, डावं लांब. इंडिकेटर द्यायला जावं आणि कोरड्या काचेवर वायपर फिरू लागावेत, हे सगळ्यांचंच होतं. खरा धोका गर्दीत नाही, कारण पुढची गाडी वाट दाखवते. धोका असतो तो पहाटे पेट्रोल पंपावरून रिकाम्या रस्त्यावर बाहेर पडताना. तिथे हात आपसूक जुन्या बाजूला वळतो.

स्वीडनने 3 सप्टेंबर 1967 रोजी अख्ख्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. लोकांना वाटलं, आता रस्त्यावर हाहाकार उडणार. झालं उलटंच. सुरुवातीला अपघात कमी झाले, कारण प्रत्येक जण जपून चालवत होता. नवी बाजू सवयीची झाली आणि आकडे पुन्हा पूर्वपदावर आले. म्हणून परदेशातल्या पहिल्या आठवड्यापेक्षा मला तिसऱ्या महिन्याची जास्त काळजी वाटते.

बाजूपेक्षा अवघड आहे ते चौकात आधी कोण जाणार हे कळणं. आपल्याकडे हे नजरेवर ठरतं. हॉर्न वाजवायचा, पुढचं चाक थोडं घुसवायचं, समोरचा थबकला की निघायचं. माझी भाची अमेरिकेत गेल्यावर फोनवर म्हणाली, ‘‘मामा, इथे चारी बाजूंना स्टॉपची पाटी असते, सिग्नल नाही, पोलीस नाही, आणि सगळे थांबतात. मी थांबले ती थांबलेच.’’ मागच्या चालकाने हॉर्न दिला नाही, नुसता थांबून राहिला, त्याचंच तिला दडपण आलं. नियम सोपा आहे : जो आधी येऊन थांबला, तो आधी जातो, दोघे एकदम आले, तर उजवीकडच्याला जाऊ द्यायचं. पण थांबायचं म्हणजे चाक पूर्ण थांबलं पाहिजे. लाल दिव्यावर उजवीकडे वळायची मुभा अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आहे, तीही पूर्ण थांबूनच, आणि न्यूयॉर्क शहरात तीसुद्धा नाही. शाळेच्या बसचे लाल दिवे लुकलुकू लागले आणि मध्ये दुभाजक नसला, तर समोरून येणाऱ्यानेही थांबायचं.

ब्रिटनमध्ये बाजू आपलीच, तरी गफलत होते. समोरच्याने दिवे मारले की आपल्याला वाटतं, तो ‘मी येतोय’ म्हणतोय. तिथे मात्र बरेचदा ‘तुम्ही जा’ असा अर्थ घेतात, हायवे कोड ही तिथली नियमपुस्तिका तसं सांगत नसली तरी. वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवायला मनाई आहे.

आणि आधी कोण जाणार याचे नियम आपल्याला परके आहेत असंही नाही. 1989च्या आपल्या रस्ता-नियमांतच लिहिलं होतं की दोन्ही रस्ते सारख्या दर्जाचे असतील, तर चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं. आणि घाटात रस्ता अरुंद असेल, तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी. दुसरा नियम घाटातले ट्रकवाले जाणतात, कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं किती कठीण, हे त्यांनी सोसलंय. पहिल्याची मात्र आपण शिकवतानाही आठवण करत नाही. मुलांना मानपूरचा उतार दाखवतो तसा एखादा शांत चौकही दाखवावा, असं मला मनापासून वाटतं.

कागदपत्रांचं निघण्याआधीच उरकावं. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातच आरटीओकडून मिळतो आणि वर्षभर चालतो. मूळ लायसन्स सोबत लागतंच. ब्रिटनमध्ये राहायला गेल्यावर भारतीय लायसन्सवर 12 महिने चालवता येतं, जर्मनीत 6 महिने. त्यानंतर तिथली परीक्षा. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. मुलांकडे चार-सहा महिने राहायला जाणारे आई-वडील स्टिअरिंगला हात लावत नाहीत, पण रोज सकाळी फिरायला निघतात. जन्मभर त्यांनी रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे पाहिलेलं असतं. अमेरिकेत, जर्मनीत पहिली गाडी डावीकडून येते. मुलांनी पहिल्याच दिवशी त्यांच्याबरोबर चालत जाऊन कोपऱ्यावरचा रस्ता दोन-तीनदा ओलांडून दाखवावा.