वीज कंपनीच्या कुलपाचे पैसे कोण देणार?

मी हदगावचा, काम सॉफ्टवेअरचं. 12 ऑक्टोबर 2020ला मुंबईची वीज गेली. राज्य सरकारनं सायबर हल्ल्याचा संशय व्यक्त केला. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, मानवी चूक. म्हणजे बघा, नेमकं काय झालं हे ठरवायलाही सर्व्हरच्या नोंदी वाचणारी माणसं लागतात. छोट्या वीजसंस्थांना ती परवडत नाहीत. म्हणून अमेरिकेनं 2021च्या कायद्यात ग्रामीण आणि नगरपालिकांच्या वीजसंस्थांच्या सायबर सुरक्षेसाठी 5 वर्षांचे 25 कोटी डॉलर ठेवले. आपली महावितरण मोठी आहे, मान्य. पण स्मार्ट मीटर दुरून बंद करता येतो. त्या मीटरला केंद्राचं अनुदान आहे. मग त्याच्या सुरक्षेचा खर्च धरलाय का, हे मी विचारणार. तुम्हीही विचारा.